वाऱ्याच्या टेकडीवरची मोरी

स्वानंदीला टेकडीच्या पोटातली तीस फूट माती हवी होती. वरवरची नव्हे, गवताच्या मुळापासून थेट खालच्या खडकापर्यंतची, सलग आणि क्रमानं. आणि ती शनिवारच्या सभेआधी वुडयार्ड बेंडच्या लोकांसमोर ठेवायची होती.

वुडयार्ड बेंड म्हणजे अलास्कातल्या टॅनाना नदीच्या काठावरचं बासष्ट माणसांचं गाव. नदी दरवर्षी त्याचा एकेक घास घेत होती. गेल्या मे महिन्यात नदीवरचा बर्फ फुटला, तेव्हा तीन घरं आणि दवाखान्याच्या पायऱ्या गेल्या. गावाला उठायचं होतं आणि बसायला जागा एकच होती: नदीच्या वरच्या अंगाला सहा मैलांवरची टेकडी. लोक तिला वाऱ्याची टेकडी म्हणत, आणि ते नाव अगदी शास्त्रशुद्ध होतं. हिमनद्यांनी खडक दळून केलेलं पीठ नद्यांनी काठच्या वाळवंटांत पसरलं, वाऱ्यानं उचललं आणि हजारो वर्षं इथं आणून ओतलं. टेकडी म्हणजे त्या पिठाची रास!

गेल्या वर्षी गावच्या हॉलमध्ये उभी राहून, मातीचा अभ्यास हाच पेशा असलेली स्वानंदी ठणकावून म्हणाली होती, "ही माती कोरडी आहे. पाणी धरून बसत नाही. हिच्या खाली बर्फ नसणार."

'नसणार' आणि 'नाही' यांच्यात तीस फुटांचं अंतर होतं. या मुलखात जमिनीच्या पोटात जागोजाग कायमचा बर्फ असतो. त्यावर घर बांधलं की घराच्या उबेनं तो वितळतो आणि घर एका कुशीवर कलंडतं. स्वानंदीचा शब्द चुकला, तर बासष्ट माणसं एका बुडत्या काठावरून उठून दुसऱ्या बुडत्या जागी जाऊन बसणार होती.

म्हणून ही मोहीम. पण निघायच्या आठवडाभर आधी तिच्या एका मदतनिसाचा पाय मोडला आणि दुसऱ्याला नोकरी लागली. मग तिनं फोन लावायला सुरुवात केली. अलास्कात फुकट राबायला, डास खायला आणि तंबूत झोपायला कोण येतं, यावरून माणसाची जी पारख होते ती दहा दिवाळ्या एकत्र जेवून होत नाही. अकरा जणांना अचानक महत्त्वाचं काम निघालं. आले दोघं.

पहिला शंतनू. मूळचा नागपूरचा, स्टेट कॉलेज नावाच्या गावात तिच्या अपार्टमेंटमध्ये दोन वर्षं राहिलेला, आता रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं स्वतःचा ड्रोन, चार बॅटऱ्या आणि एकच पँट आणली.

दुसरे विनयकाका. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला स्वानंदीच्या वडिलांच्या शेजारी पंचवीस वर्षं राहिलेले. सांडपाण्याचे आणि पावसाळी गटारांचे इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. वय चौसष्ट. त्यांच्या बॅगेत कुकर, कप्पी, शंभर फूट दोर, बादली, तांब्या आणि अंगाला लावायच्या साबणाच्या सहा वड्या होत्या. दिवसाला एक.

"काका, आपण सहा दिवस जंगलात जातोय," शंतनू म्हणाला.

"म्हणूनच सहा आणल्या."

गावातून त्यांना बोटीनं न्यायला अ‍ॅग्नेस आली. वय सदुसष्ट, गावसभेची प्रमुख, आणि बोलणं इतकं मोजकं की शब्दांवर कुणी जकात बसवली असावी. रविवारी सकाळी तिनं मोटर सुरू केली. नदी राखाडी, दाट आणि वेगवान होती. पाण्यात इतका गाळ की बोटीच्या तळाला तो सतत खरखरत होता. काठावरून उन्मळलेली झाडं पाण्यावर आडवी पडून खालीवर हलत होती. एका वळणावर असाच एक स्प्रूस डोक्याच्या उंचीवर आला. "खाली!" अ‍ॅग्नेस ओरडली. तिघंही बोटीत आडवे झाले. फांदीनं शंतनूची टोपी उचलली ती उचललीच.

टेकडीची नदीकडची बाजू म्हणजे पन्नास फुटांचा सरळ कडा. खाली वीस फूट काळा, चमचमता खडक; त्यावर तीस फूट पिवळसर मातीची भिंत, सुरीनं कापल्यासारखी उभी. तिथून चढणं अशक्य. म्हणून अ‍ॅग्नेसनं नदीच्या एका फाट्यानं वळून त्यांना मागच्या, उत्तरेच्या बाजूला उतरवलं.

"शुक्रवारी येईन," ती म्हणाली. क्षणभर थांबून तिनं स्वानंदीकडे पाहिलं. "गेल्या वर्षी तू बोललीस, त्यावर आमच्यातल्या कित्येकांनी घर कुठं बांधायचं ते ठरवून टाकलंय."

बोट गेली.

उत्तरेचा उतार दीड मैलाचा होता आणि त्याला पाच तास लागले. सूर्य न पोचणारी ही बाजू. खाली बर्फ, वर गुडघाभर शेवाळ आणि त्यात दारुड्यांसारखे वाकडे उभे असलेले खुजे काळे स्प्रूस. प्रत्येक पाऊल आत जाई, पाणी बुटात येई आणि डास नाकातोंडात! ड्रिलचे लोखंडी दांडे खांद्यावर, दोन लांबलचक लाकडी पेट्या घसरगाडीसारख्या ओढत. विनयकाका दोनदा कमरेपर्यंत रुतले. दोन्ही वेळा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वर आंघोळीला जागा असेल ना गं?"

माथा ओलांडला आणि जग बदललं! दक्षिणेच्या उतारावर ऊन होतं, बर्चची पांढरी खोडं होती, पायाखाली पाचोळ्याची कोरडी गादी होती. स्वानंदीनं पाचोळा बाजूला करून मूठभर माती काकांच्या तळहातावर ठेवली. मऊ, कोरडी, खडा नाही, चिकटपणा नाही. बोटांत चोळली की अभ्रकाचे कण चमकत.

"मैदा आहे हा," काका म्हणाले.

"मैदाच. आणि पाणी टाका."

काकांनी बाटली उपडी केली. पाणी क्षणभर थरथरलं आणि नाहीसं झालं. मागं साधा चिखलही नाही! सत्तावीस वर्षं न्यू जर्सीत लोकांच्या तळघरांतून पाणी उपसत आलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत जे भाव आले, ते सहसा देवळात येतात.

तळ कड्याजवळ पडला, कारण कड्यावर वारा होता आणि वाऱ्यात डास टिकत नाहीत. तंबू काठापासून तीस पावलांवर. संध्याकाळपर्यंत काकांनी काठावरच्या भक्कम बर्चला कप्पी बांधली आणि थेट नदीतून बादली वर खेचली. पाणी गढूळ, पण ते तासभर निवळायला ठेवायचं ठरलं. काठापासून दहा पावलांवर ताडपत्रीचा आडोसा, पायाखाली फांद्यांची जाळी, आणि तिथून निघालेली, खोऱ्यानं कोरून काढलेली, सुबक, अचूक उताराची मोरी. ती चार हातांवरच्या एका पडलेल्या बर्चच्या मुळाशी जात होती. तिथं मनगटाएवढं एक भोक होतं.

"तयार ड्रेन आहे!" काका म्हणाले. "बादली ओतली की गुडुप. पुढं कुठं जातं, पत्ता नाही."

"काका, लोक अलास्कात येऊन अस्वल बघतात," शंतनू म्हणाला. "तुम्ही मोरी बांधली यार."

"तू करणार नाहीस का आंघोळ?"

शंतनूनं स्वतःचा वास घेतला आणि साबणाची वडी मागितली.

स्वानंदीनं ते भोक पाहिलं. 'पुढं कुठं जातं' हा प्रश्न तिच्या पेशाचा होता. या मातीची दोन तोंडं असतात, हे तिला पाठ होतं: कोरडी असेल तर शतकानुशतकं भिंतीसारखी उभी राहते, पण एकाच जागी वाहतं पाणी मिळालं, तर चहातल्या साखरेसारखी जागा सोडते. तिनं तोंड उघडलं. पण काका पायघोळ टॉवेल खांद्यावर टाकून इतक्या समाधानानं उभे होते! या माणसानं तिला सायकल शिकवली होती. त्यांना त्यांच्याच धंद्यातलं काय सांगायचं? आणि खरं म्हणजे चिखलातून आलेल्या तिलाही गरम पाणी हवं होतं. तिनं तोंड मिटलं, आणि आंघोळीला दुसरा नंबर लावला.

सोमवार ते मंगळवार, काम जोरात चाललं. हातानं फिरवायचं ड्रिल. दोघांनी दांडा फिरवायचा, फूटभर खाली गेलं की वर ओढायचं, आलेला मातीचा दंडगोल पेटीतल्या खोबणीत क्रमानं मांडायचा, पुढचा दांडा जोडायचा. पहिलं छिद्र सत्तावीस फुटांवर खडकाला टेकलं. खण्ण! बर्फ नाही. दुसरं एकोणतीस. खण्ण! बर्फ नाही. दोन पेट्यांत टेकडी थरावर थर झोपली होती: वर तपकिरी, मग फिकट, मग करडी. आता तिसरं, कड्याच्या बाजूचं. घरं तिथंच होणार होती.

बुधवारी पाऊस आला. नुसता आला नाही, मुक्काम टाकला! छत्तीस तास ताडपत्रीवर ताशा वाजत होता. तंबूवरचं पाणी, स्वयंपाकाच्या आडोशावरचं पाणी, सगळं काकांच्या दूरदृष्टीमुळे छोट्या चरांतून मोरीत आणि मोरीतून मुळाशी. तळावर एक डबकं नाही! काका छत्रीखाली उभे राहून त्याकडे लेकीच्या लग्नात जेवणाच्या पंगती बघाव्यात तसे बघत होते.

गुरुवारी तिसरं छिद्र बावीस फुटांवर अडकलं. दांडा फिरेना, निघेना. तिघांनी जोर लावला. मातीतून एक विचित्र, पोकळ हुंकार आला. स्वानंदी थबकली.

"काय झालं?" शंतनूनं विचारलं.

"काही नाही. दगड असेल."

वाऱ्यानं आणलेल्या मातीत दगड नसतो. हे तिच्याइतकं अलास्कात मोजक्याच माणसांना ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. शेवटचे सहा-सात फूट काढायचे आणि निघायचं. शंतनू तंबू गुंडाळत होता. काका सहाव्या वडीचा उरलेला तुकडा घेऊन आडोशामागे गेले. स्वानंदी ड्रिलपाशी गुडघे टेकून बसली, तेवढ्यात खालून नदीवरून बोटीचा भोंगा वाजला. एकदा. दोनदा. मग थांबेचना!

ती पोटावर सरकत काठाशी गेली. खाली अ‍ॅग्नेस बोटीत उभी राहून दोन्ही हातांनी कड्याकडे बोट दाखवत होती. स्वानंदीनं मान बाहेर काढून खाली पाहिलं. जिथं माती खडकाला टेकते, तिथून, तीस फूट खाली, कड्यातून पाण्याची पिवळी धार उडत होती. नळासारखी. आणि धारेत फेस होता.

साबणाचा फेस!

"काका!" ती किंचाळली. "पाणी ओतू नका! बाहेर या!"

"डोक्याला साबण आहे गं, एक तांब्या..."

वाक्य पुरं झालं नाही. धप्प असा बसका आवाज आला, ताडपत्री एका बाजूला ओढली गेली आणि आतून पिवळ्या धुळीचा लोट उठला. धूळ खाली बसली तेव्हा आडोसा नव्हता. मोरी नव्हती. जमिनीत बैलगाडीच्या चाकाएवढं भोक होतं, आणि त्याच्या कडेला काखेपर्यंत अडकलेले, फेसाळलेल्या डोक्याचे विनयकाका होते.

"हलू नका!" स्वानंदी ओरडली.

"पाय... पायाखाली काही नाही," काका म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "पाय लोंबतायत."

शंतनू धावत निघाला. स्वानंदीनं त्याचं जॅकेट धरून त्याला मागे खेचलं. "पाय टाकू नकोस! खाली पोकळ आहे सगळं!"

जणू पुराव्यादाखल काकांच्या उजव्या बाजूचा मातीचा तुकडा निसटला. तळाशी आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. काकांची बोटं सुट्या पिठात रुतली; पीठ बोटांतून गळू लागलं.

दोर हवा! कप्पीवरचा दोर होता. बर्चचं झाड भोकापासून दूर, पक्कं होतं. शंतनूनं दोर सोडवून झाडाला दोन वेढे घातले. पण दुसरं टोक काकांच्या काखेतून घालणार कोण, आणि पोचणार कसं? पोटावर सरकलं तरी जमीन फुटणार. खाली काहीतरी लांब, रुंद, ताठ हवं होतं. वजन पसरेल असं. तंबूचे खांब? बोटाएवढे. फांद्या? कुजलेल्या.

शंतनूची नजर पेट्यांवर गेली. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, घट्ट लाकडाच्या. त्यानं स्वानंदीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ते बोलायचं धाडस त्याला झालं नाही.

भरलेल्या पेट्या मणभर जड होत्या. तशाच ढकलल्या तर त्याच जमीन फोडतील. आणि रिकाम्या केल्या तर? तिन्ही छिद्रं, अठ्ठ्याहत्तर फूट माती, टेकडीचा फूटन् फूट. एकदा मिसळली की ती माती नव्हे, नुसतं पीठ. कुठला थर कुठला, देवालाही सांगता यायचं नाही.

"स्वानंदी," काका म्हणाले, "मला वाटतं मी घसरतोय."

तिनं पहिली पेटी उलटी केली. मग दुसरी. पाच दिवसांची मेहनत पाचोळ्यावर ढीग होऊन पडली आणि वाऱ्यानं तिची वरची साय उचलून नेलीसुद्धा.

दोन पेट्या एकीपुढे एक सरकवल्या. दोराचं टोक दातांत धरून ती आडवी झाली आणि सरकू लागली. एक हात. थांबायचं. ऐकायचं. दुसरा हात. पेटीखाली माती कुजबुजत होती. काकांचा चेहरा आता हातभरावर होता. साबण डोळ्यांत जाऊन ते लालभडक झाले होते.

"हात वर करा. एकच!"

"सोडला तर पडेन."

"काका, मी सांगतेय ते करा!" आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली. आणि त्यांनी निमूटपणे हात वर केला.

दोर काखेखालून गेला. दुसरी काख. गाठ. "ओढ!"

शंतनू झाडाला पाय रोवून मागे झुकला. दोर ताणला. काका इंचभर वर आले. भोकाची कड फुटली! ते पुन्हा हातभर खाली लटकले. स्वानंदीची पुढची पेटी तोंडाशी झुकली. "ओढ!" पुन्हा ओढलं. स्वानंदीनं काकांचं मनगट धरलं आणि उलटी सरकू लागली. छाती वर आली. कंबर आली. गुडघे आले! तिघंही फरपटत, कोलमडत, दोर सोडवून काठापासून आत, तंबूपलीकडे, थेट झाडीत जाऊन पडले.

आणि मागे टेकडीचा काठ गेला. आवाज फार मोठा नव्हता. धान्याची कोठी रिकामी व्हावी तसा सळसळाट. मग नदीत धडाड धडाड! ड्रिल, दांडे, दोन्ही पेट्या, बर्च, कप्पी, सगळं गेलं. बोटीचा भोंगा वेड्यासारखा वाजत होता.

काका टॉवेलासकट वाचले होते. अंगावर ओल्या साबणाला माती चिकटून ते थेट तळायला ठेवलेल्या मोदकासारखे दिसत होते. कुणी हसलं नाही.

शंतनू उठला. "ड्रोन उडवू का? अ‍ॅग्नेसला कळेल तरी, सगळे जिवंत आहोत म्हणून."

ड्रोन कड्यासमोर गेला. पडद्यावर चित्र आलं आणि स्वानंदीनं तो त्याच्या हातातून ओढूनच घेतला. काठ ढळला तिथं नवी, ताजी भिंत उघडी पडली होती. गवतापासून खडकापर्यंत सलग तीस फूट. तपकिरी, फिकट, करडी. एकही चमकती ओली रेघ नाही. बर्फाचं एक बोट नाही! आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत, माणूस उभा मावेल असं काळं विवर.

"जिंकलीस तू!" शंतनू ओरडला. "बर्फ नाही! फोटो घे, नंबर टाक, झालं. ढासळलं ते पावसानं म्हणून लिही ना यार. पाऊस पडलाच होता. खोटं काय त्यात?"

स्वानंदीनं पडदा त्याच्या हातात परत ठेवला. काकांनी मान खाली घातली होती. हे वाक्य खरं ठरावं अशी सर्वांत जास्त गरज ज्याला होती, तो माणूस अंगावरचा साबण खरवडत होता.

उत्तरेचा उतार उतरून बोटीपाशी पोचायला त्यांना चार तास लागले. अ‍ॅग्नेसनं तिघांना मोजलं, काकांना घोंगडी दिली आणि मग स्वानंदीसमोर बसली.

"बर्फ आहे?"

"नाही."

"मग तो काठ का पडला?"

नदी बोटीच्या तळाला खरखरत होती. हे क्षण फार लांबत नाहीत. माणसाला त्यात आपला भाव ठरवायला पुरेसे असतात. "आम्ही पाडला," स्वानंदी म्हणाली. "आंघोळीचं आणि पावसाचं पाणी एकाच भोकात सोडलं. माती कोरडी राहते, कारण पाणी तिच्यातून पळतं. पळताना वाट कोरतं. हे मला माहीत होतं. गेल्या वर्षीही माहीत होतं. तुम्हाला अर्धंच सांगितलं."

"किती पाणी?"

काका घोंगडीतून म्हणाले, "रोज चौदा बादल्या. सहा दिवस. पाऊस वेगळा."

"तीन माणसं, सहा दिवस." अ‍ॅग्नेसनं मोटरच्या दोरीला हात घातला. "आम्ही बासष्ट आहोत. आणि आम्हाला कायमचं राहायचंय."

शनिवारी हॉल भरला होता. स्वानंदीनं पडद्यावर पहिलं चित्र लावलं ते विवराचं. भिंतीचं नंतर. तिनं दोन्ही सांगितलं: बर्फ नाही, घर बुडणार नाही; पण सांडपाण्याचा एक थेंबही या मातीच्या भरवशावर सोडायचा नाही, आणि काठापासून दोनशे पावलं आत राहायचं. मागच्या बाकांवर कुजबूज झाली. एक म्हातारा उठून म्हणाला, "मागच्या वर्षी तू म्हणालीस, पाणी आपोआप जातं. आता म्हणतेस, जाऊ देऊ नका. पुढच्या वर्षी काय म्हणशील?"

तेवढ्यात उसन्या पँटमधले, एका हाताला खरचटलेले विनयकाका उठले.

"ते भोक माझं आहे," ते त्यांच्या पिस्कॅटवेच्या इंग्रजीत म्हणाले. "सत्तावीस वर्षं मी गटारं बांधली आणि पाणी पुढं कुठं जातं हे विचारायचं विसरलो. तिनं नाही, मी." मग ते फळ्यापाशी गेले. टेकडी काढली, घरं काढली, प्रत्येक घरापासून बंद पाइप काढला, सगळे पाइप एका मोठ्या पाइपात आणले आणि तो कड्याच्या काठापर्यंत नेला. खडू खाली ठेवला. "असं करा. लागेल तितके दिवस मी इथं राहतो."

टेकडीवर जायचं का, यावर हात वर करायची वेळ आली. माणसं एकमेकांकडे पाहत राहिली आणि मग सगळी अ‍ॅग्नेसकडे.

तिनं हात वर केला नाही. ती उठली, फळ्यापाशी गेली, खडू उचलला. काकांनी काठावर थांबवलेली रेघ तिनं पुढं ओढली: काठावरून खाली, तीस फूट मातीवरून, वीस फूट काळ्या खडकावरून, थेट नदीच्या पाण्यात.

मग तिनं खडू काकांच्या हातात दिला आणि हात वर केला.